दुखणे थांबले, पण झीज थांबली का?

सांधेदुखीचा रुग्ण दवाखान्यात आला की त्याची मागणी बहुधा एकच असते. "डॉक्टर, बाकी काही असो, दुखणं तेवढं थांबवा." मागणी अगदी रास्त आहे, ज्याचे दुखते त्यालाच कळते. परंतु काही विकारांत सांध्याचे दुखणे आणि सांध्याची झीज ही दोन कामे शेजारी शेजारी चालू असतात. त्यातले एक बंद केले म्हणजे दुसरे आपोआप बंद होते, असा आपला समज असतो, आणि तो समज महागात पडतो. आमवात, म्हणजे ज्याला आम्ही डॉक्टर मंडळी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, त्या विकारात हा फरक वेळेवर न कळल्यामुळे हाताची बोटे कायमची वाकडी झालेली माणसे मी दरवर्षी पाहतो. म्हणून आज थोडे खोलात जाऊन लिहीत आहे. विषय पेशींच्या आतला आहे, पण वाचकांनी दोन घटका धीर धरला तर समजण्यासारखा आहे.

प्रथम झिजते काय, ते पाहू. आपले शरीर ज्या धाग्याने बांधलेले आहे त्याचे नाव कोलॅजेन. कातडी, हाडे, स्नायू हाडाला बांधणारे बंध, हिरड्या, रक्तवाहिन्यांची वेष्टने, सांध्यातली गुळगुळीत कूर्चा (रुग्ण तिला 'गादी' म्हणतात), या सर्वांचा ताणा-बाणा कोलॅजेनचा आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव हिश्श्याहून अधिक प्रथिन हे एकटेच. त्याची रचना अगदी आपल्या तिपेडी दोरासारखी असते. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. ही तीन पेडांची रचना १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी जगापुढे मांडली, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. दोराचा पीळ घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळे-भाजी मिळत नसे, तेव्हा त्यांच्या हिरड्या सडत आणि जुन्या जखमा उकलत, त्याचे कारण हेच.

हा पीळ सुटला की काय होते, हे मटण खाणाऱ्या घरात सर्वांनी पाहिलेले असते. पायाचा रस्सा रात्रभर राहिला की सकाळी थिजून खरवसासारखा थलथलतो. तासन् तास उकळल्याने दोराचे तिन्ही पेड सुटे झाले आणि त्याचे जिलेटिन झाले. दोर होता तोवर त्याने अख्ख्या बोकडाचे वजन पेलले; आता तो चमच्याने कापता येतो.

ओघात एक गोष्ट सांगून टाकतो. हल्ली औषधांच्या दुकानात कोलॅजेनच्या पावडरीचे महागडे डबे दिसतात आणि ते घेऊ का, असे मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारते. पोटात गेलेले कोलॅजेन इतर प्रथिनांसारखेच पचून त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे गुडघ्याचा पत्ता शोधत जाऊन तिथे दोर वळत बसत नाहीत. ज्याला परवडते त्याने घ्यावे, विष नाही; पण आमवाताचे औषध म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नये. त्याच पैशात डाळ, अंडी, दूध आणि पेरू-आवळा पुष्कळ येतो.

कूर्चेतील कोलॅजेनची आणखी एक खासियत आहे, आणि आजच्या विषयात ती फार महत्त्वाची आहे. कातडीतले कोलॅजेन हळूहळू बदलते. त्यातले निम्मे बदलायला साधारण पंधरा वर्षे लागतात. कूर्चेतल्या कोलॅजेनला, शास्त्रज्ञांच्या मोजमापाप्रमाणे, याच कामाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागेल. सरळ अर्थ असा की तरुणपणी जो दोर मिळाला तोच जन्मभर पुरवायचा आहे. तो तुटला तर शरीर तिथे तशाच प्रतीचा नवा दोर वळून देत नाही.

मग इतका चिवट दोर तुटतो कसा? उकळणे तर शरीरात होत नाही. साध्या पाचकरसांना, म्हणजे एन्झाइमना, कोलॅजेनचा पीळ दाद देत नाही. याचे उत्तर सापडले ते बेडकाच्या पिल्लात. पावसाळ्यात डबक्यात शेपटीची पिल्ले वळवळताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. पुढे त्यांना पाय फुटतात आणि शेपूट नाहीसे होते. ते गळून पडत नाही, अंगातच जिरते. शेपटीत कोलॅजेन असतेच, मग ते जाते कुठे? १९६२ साली अमेरिकेत बोस्टन येथे जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी अशा शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवून वाढवले, तर त्यांच्याभोवतीचे कोलॅजेन विरघळू लागले. त्यांना कोलॅजेन कापणारी कात्री सापडली होती. तिचे नाव कोलॅजिनेज. पुढे अशाच कामाची बरीच एन्झाइम सापडली, माणसातही सापडली. या सर्वांच्या पात्यावर जस्ताचा एक अणू असतो.

ही कात्री दोराचे तुकडे तुकडे करीत बसत नाही. ती दोराच्या एका ठराविक जागी, लांबीच्या साधारण तीन-चतुर्थांशावर, एकच काप घेते. बस्स. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे नेमके उलटे आहे. सुंभ एका जागी कापला की अंगाच्या नेहमीच्या उबेनेच उरलेला पीळ सुटत जातो, आणि मग त्या सुट्या पेडांचा फडशा पाडायला दुसरी, साधी एन्झाइम पुरेशी होतात. पायाच्या रश्शात जे चुलीवर झाले ते सांध्यात चुलीशिवाय होते.

कात्री म्हटले की ती वाईट, असे मात्र समजू नये. बाळंतपणानंतर सुमारे किलोभर वजनाचे गर्भाशय दीड महिन्यात पुन्हा मुठीएवढे होते, ते या कात्र्यांच्या मदतीनेच. जखम भरताना जुने कापून नवे विणावे लागते, तिथेही त्या लागतात. म्हणून शरीराने त्यांचा बंदोबस्त चोख ठेवला आहे. पेशी कात्री बाहेर सोडते ती म्यानात घालून. म्यान काढल्याशिवाय ती कापत नाही. शिवाय तिला पकडून ठेवणारी दुसरी प्रथिने आसपास फिरत असतात. आणि मुळात हुकूम आल्याशिवाय पेशी कात्र्या बनवतच नाही, किंवा अगदी थोड्या बनवते.

हुकूम देते कोण? इथे आपण आजच्या मुख्य मुद्द्यावर आलो.

केंब्रिजमध्ये ऑनर फेल या बाईंनी आपले सहकारी जब यांच्याबरोबर १९७७ साली एक साधा पण फार हुशारीचा प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराच्या सांध्यातली कूर्चा आणि त्याच सांध्याचे आतले अस्तर त्यांनी एका बशीत, पण एकमेकांना स्पर्श होणार नाही अशा अंतरावर ठेवले. काही दिवसांनी पाहतात तर कूर्चा झिजलेली. आता कुणीही म्हणेल की अस्तरातून एखादा झिजवणारा रस पाझरला असेल. म्हणून त्यांनी कूर्चेतल्या पेशी आधी मारून तोच प्रयोग केला. मेलेली कूर्चा दुरून झिजली नाही! म्हणजे अस्तराकडून रस आला नव्हता, निरोप आला होता. तो ऐकायला जिवंत पेशी हव्या होत्या, आणि निरोप ऐकून कूर्चेच्या पेशींनी स्वतःच आपल्या भोवतालचे द्रव्य तोडायला सुरुवात केली होती. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हे.

असा निरोप नेणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. पूर्वी गावात दवंडी पिटत, तसा हा प्रकार. दवंडी सर्वत्र ऐकू जाते, पण ज्याच्याशी तिचा संबंध तोच उठतो. इथेही ज्या पेशीच्या अंगावर त्या निरोपाचे कान आहेत तीच पेशी कामाला लागते. फेलबाईंच्या बशीतला निरोप्या पुढे ओळखला गेला, तो इंटरल्यूकिन-१. त्याचा थोरला साथीदार म्हणजे टीएनएफ. जंतू शिरले, जखम झाली की पांढऱ्या पेशी या प्रथिनांची दवंडी पिटतात आणि काम संपले की गप्प होतात. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्याच्या अस्तराला शत्रू समजते आणि दवंडी थांबतच नाही. रात्रंदिवस, महिनोन् महिने.

आणि आता तो फरक, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. त्याच सुमारास बोस्टनमध्ये झाँ-मिशेल डायेर आणि स्टीफन क्रेन यांनी दाखवले की पांढऱ्या पेशींकडून आलेल्या निरोपामुळे सांध्याच्या अस्तरातल्या पेशी दोन वेगळ्या वस्तू बनवू लागतात. एक प्रोस्टाग्लँडिन, ज्याने सांधा सुजतो, दुखतो, गरम लागतो. दुसरी कोलॅजिनेज, म्हणजे आपली कात्री. निरोप एक, कामे दोन. आपण नेहमी घेतो त्या वेदनाशामक गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. त्यामुळे दुखणे आणि सूज कमी होते, खरोखर होते. पण दवंडी चालूच असते आणि कात्री आपले काम करीत असते. शिवाय दुखत नाही म्हणून माणूस त्या सांध्याकडून पूर्वीसारखेच काम घेतो.

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. शेतात रोजंदारीने जात. चार वर्षे सांधे धरलेले. एका ठिकाणाहून 'वाताची पुडी' आणत होत्या. मी हात पाहिले तेव्हा दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला कलू लागली होती, आणि तोंडावर एक गोल सूज होती. मी पुडी बंद करावी लागेल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पुडी घेतली की भाकरी थापता येती, नाही घेतली की पातेलं उचलत नाही. मग पुडी वाईट कशी?"

प्रश्न बिनतोड होता. अशा काही पुड्यांत वेदनाशामक आणि स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे तपासणीत वेळोवेळी उघड झालेले आहे. स्टिरॉइड हे तर फार गुणी औषध. ते दवंडीचा आवाजही कमी करते. आम्हीही ते देतो, मोजून मापून, ठराविक दिवसांसाठी. पण पुडीत ते किती आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसते. वर्षानुवर्षे घेतल्यावर रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते, कारण नवे कोलॅजेन बनवण्याचे कामच ते मंद करते. आणि इतके सोसून बोटे वाकडी व्हायची ती झालीच. बाईंना हे मी दोर आणि कात्रीच्या भाषेतच सांगितले. त्यांना पटले, याचे श्रेय त्यांच्या शहाणपणाला. पुडीतल्या स्टिरॉइडऐवजी मोजके स्टिरॉइड सुरू करून ते हळूहळू उतरवले, आणि जोडीला मेथोट्रेक्सेट दिले. तिसऱ्या महिन्यात सकाळचा ताठरपणा तासावरून दहा-पंधरा मिनिटांवर आला. आज त्या कामाला जातात. पण कललेली बोटे सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत. तुटलेल्या दोराबद्दल वर लिहिलेच आहे.

तेव्हा लवकर ओळखणे हाच कळीचा मुद्दा. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी सुरू झाली, त्यात आमवाताचे प्रमाण दर हजारी पाचाच्या आसपास आढळले. म्हणजे पाच-सात हजार वस्तीच्या गावातही असे बरेच रुग्ण असणार. बायकांत हा विकार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि तोही ऐन कर्त्या वयात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याची शक्यता वाढते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो विकार वेगळा. आमवातात हाता-पायाचे लहान सांधे, दोन्ही बाजूंचे, एकदमच धरतात. बोटांची टोके बहुधा सुटतात, मुळाचे आणि मधले सांधे सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, आणि हा ताठरपणा अर्धा तास, तासभर, कधी दुपारपर्यंत टिकतो. कासाराकडे बांगड्या भरताना त्याने हात दाबला आणि जीव कळवळला, असे सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. आम्हीही तपासताना बोटांच्या मुळाशी हात तसाच दाबून पाहतो. चिकनगुनियानंतरही सांधे महिनोन् महिने दुखू शकतात, त्यामुळे २००६ च्या साथीपासून आपल्याकडे प्रत्येक सांधेदुखी चिकनगुनियाच्या नावावर खपते. कारण काहीही असो, लहान सांध्यांची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली तर रक्त तपासून घ्यावे. आर. ए. फॅक्टर ही तपासणी एकटी पुरेशी नाही. ती काही निरोगी माणसांतही सापडते आणि काही रुग्णांत सापडत नाही. अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी अधिक भरवशाची आहे.

मेथोट्रेक्सेट हे आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे, आणि ते महाग नाही. ते दुखण्यावरचे औषध नव्हे. ते दवंडी पिटणाऱ्यांना शांत करते, म्हणून त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर वेदनाशामक घ्यायला हरकत नसते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात, त्यांनी तसे करू नये.

मात्र एक सूचना ठळक अक्षरांत वाचावी. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज नाही. चुकून रोज घेतल्याने तोंड सोलवटून, रक्तातील पेशी कमी होऊन माणसे दगावली आहेत. एक वार ठरवून घ्यावा. आठवडी बाजाराचा दिवस लक्षात राहायला सोपा. पाकिटावर तो वार घरातल्या लिहिता-वाचता येणाऱ्याकडून पूर्ण अक्षरांत लिहून घ्यावा. फोलिक अ‍ॅसिडची गोळी दुसऱ्या दिवशी घ्यायची असते, त्या दोन गोळ्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. सांगितल्या वेळी रक्त आणि यकृताची तपासणी करावी, दारू बंद. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण गर्भाला हे औषध घातक आहे.

काही रुग्णांना याने पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यासाठी निरोप्यालाच वाटेत पकडणारी इंजेक्शने निघाली आहेत. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवून पाहिले, तर टीएनएफ अडवल्यावर इंटरल्यूकिन-१ सुद्धा गप्प बसले. म्हणजे दवंडीवाल्यांचा म्होरक्या सापडला. १९९२ साली त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारे इंजेक्शन दिले आणि कित्येकांची सूज काही दिवसांत उतरली. २०१४ पासून अशा इंजेक्शनांची भारतीय आवृत्तीही मिळू लागली आहे. तरीही खर्च लहानसहान नाही. त्याउलट, कात्रीच बोथट करणारी औषधे करून पाहण्यात आली तेव्हा ती फसली. त्यातल्या एका औषधाने तर, जे कर्करोगासाठी वापरून पाहत होते, रुग्णांचे खांदे आणि हात आखडू लागले. कात्रीचे रोजचे कामही बंद पडले, तर दुसरे काय होणार?

टीएनएफलाही रोजचे काम आहेच. आपल्यापैकी अनेकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू जन्मभर कोंडून ठेवलेले असतात, काही त्रास न देता. त्या कोंडवाड्याची भिंत शाबूत ठेवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. इंजेक्शनाने तो अडवला की जंतू सुटू शकतात. २००१ साली परदेशातल्या रुग्णांत हे लक्षात आले. आपल्याकडे तर क्षय घरोघरचा. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि छुप्या क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, आणि घरात पूर्वी कुणाला क्षय झाला असेल तर ते सांगायला लाजू नये.

ज्यांच्याकडे आता, हा लेख वाचताना, पुड्यांचा डबा आहे त्यांनी तो आज रात्रीच फेकून देऊ नये. बरेच महिने स्टिरॉइड पोटात गेले असेल तर शरीराने स्वतःचे बनवणे जवळजवळ बंद केलेले असते, आणि एकदम तोडले तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. शिल्लक पुड्या आणि जुने कागद घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जावे, आणि किती दिवसांपासून, दिवसाला किती, हे खरे खरे सांगावे.